सिनेमावेड्याला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी कळव्याला राहतो आणि रबाळ्याला एमआयडीसीत एका कंपनीच्या टूलरूममध्ये कामाला आहे. गेली तीस वर्षं मिळेल तो सिनेमा बघत आलोय. ठाण्याहून सुटणाऱ्या ट्रान्स हार्बरच्या आमच्या डब्यात, कँटीनमध्ये, सोसायटीच्या जिन्यात, लग्नाच्या पंगतीत लोक मला सिनेमाबद्दल विचारतात. प्रश्न बहुतेक तेच असतात. ऐरोली येईपर्यंत घाईघाईत अर्धवट उत्तर द्यायला मला आवडत नाही, म्हणून एकदा बसून नीट लिहून काढलं.

दादा, एवढ्यात बघितलेल्यांपैकी सगळ्यात आवडलेला कुठला?

'स्थळ'. जयंत सोमलकर यांचा. २०२३ साली टोरांटोच्या महोत्सवात दाखवला गेला, आपल्याकडे थिएटरात लागला मार्च २०२५ मध्ये. चंद्रपूर जिल्ह्यातलं खेडं, कापूस पिकवणारा बाप, कॉलेजात शिकणारी सविता आणि तिला बघायला येणारे पाहुणे. बापाच्या मागे दोन काळज्या आहेत, कापसाला भाव नाही आणि मुलीला स्थळ नाही. दोन्हींचा हिशेब त्याच्या डोक्यात एकाच वेळी चाललेला असतो.

मुलगी बघण्याचा कार्यक्रम या सिनेमात पुन्हा पुन्हा येतो. तीच बैठक, तसेच पुरुष, तेच प्रश्न. नाव काय, शिक्षण किती, उंची किती. पहिल्या वेळी थिएटरात हशा पिकला. पुढच्या वेळी थोडा कमी. त्याच्या पुढच्या वेळी कुणीच हसलं नाही. माझ्या शेजारच्या बाई ओढणी तोंडाला लावून बसल्या होत्या. दिग्दर्शक भाषण देत नाही, तीच गोष्ट परत समोर ठेवतो आणि आपल्याला तिथून हलू देत नाही. माझ्या बहिणीला बघायला यायचे तेव्हा पोह्यांच्या बशा आत-बाहेर मीच केल्या होत्या. पाहुण्यांना साखर कमी-जास्त झाली का ते बघत होतो, तिच्या चेहऱ्याकडे माझं लक्षच नव्हतं. सिनेमा बघून आलो त्या रात्री तिला डोंबिवलीला फोन केला. बराच वेळ बोललो.

तुम्ही प्रत्येक सिनेमात माणसाचे हातच बघता, असं का?

कारण माझं आयुष्य हातांकडे बघण्यात गेलंय. टूलरूममध्ये नवा पोरगा आला की त्याला आधी कानस देतात, धातू घासायचं ते दातेरी हत्यार. तो कानस कशी धरतो यावरून मला कळतं, याने काम केलंय की नुसतं सर्टिफिकेट आणलंय. कानस पुढे जाताना कापते. म्हणून पुढे जाताना दाब द्यायचा, मागे येताना हात हलका सोडायचा. ज्याला हे माहीत नाही तो दोन्हीकडे रगडतो, दात बोथट होतात आणि जॉबला, म्हणजे घासायच्या तुकड्याला, चकाकी येते पण माल काही निघत नाही. एका मालिकेत नायक फिटर दाखवला होता. तो व्हाइसला जॉब लावून असा दोन्हीकडे रगडत होता आणि त्याच वेळी आईच्या आजारपणाबद्दल बोलत होता. माझा त्या आईवरचाही विश्वास उडाला. जो माणूस कामच करत नाही त्याचं दुःख मला खरं वाटत नाही.

उलट व्हित्तोरिओ दे सिका यांचा 'बायसिकल थीव्ज' घ्या, १९४८ चा. रोममध्ये बेकार फिरणाऱ्या अंतोनिओला भिंतीवर पोस्टर चिकटवायचं काम मिळतं. खळ कशी लावायची, कागदाला सुरकुती राहता कामा नये, हे त्याला शिकवलं जातं आणि आपण ते नीट बघतो. त्याच कामात तो गुंतलेला असताना त्याची सायकल पळवतात. ती सायकल किती मोलाची आहे हे कुणाला वेगळं सांगावं लागत नाही, कारण काम आपण बघितलेलं असतं.

चॅप्लिनच्या 'मॉडर्न टाइम्स'मध्ये पट्ट्यावरून येणारे नट आवळून आवळून चार्लीचे हात थांबायचं विसरतात. सुट्टी झाली तरी हात आवळत राहतात. लोक हसतात, मीही लहानपणी हसलोय. पण माझे वडील वागळे इस्टेटला प्रेस शॉपमध्ये होते. झोपेत त्यांचा उजवा हात खाली-वर व्हायचा. आई तो हात आपल्या हातात धरून ठेवायची.

अलीकडचा म्हणाल तर 'परफेक्ट डेज', २०२३ चा, विम वेंडर्स यांचा. टोकियोतली सार्वजनिक शौचालयं साफ करणारा हिरायामा. कोजी याकुशो या नटाला त्यासाठी फ्रान्समधल्या कान महोत्सवात पुरस्कार मिळाला. तो छोटा आरसा घेऊन भांड्याच्या कडेखाली बघतो, जिथे कुणीही बघणार नसतं तिथे. मी मायक्रोमीटर हातात घेऊन बसणारा माणूस आहे, मला त्या आरशाने जिंकलं.

जुने मराठी सिनेमे बघायचे तर सुरुवात कुठून करू?

'संत तुकाराम'पासून. १९३६ चा, प्रभात कंपनीचा, दामले आणि फत्तेलाल यांनी केलेला. म्हणजे 'मॉडर्न टाइम्स' ज्या वर्षी आला त्याच वर्षीचा. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याची दखल घेतली गेली होती.

लोक तो भक्तिपट म्हणून लावतात आणि चमत्कार बघतात. तुम्ही आवलीकडे बघा. गौरी या नटीने ती केली आहे. तुकोबा विठ्ठलात रंगलेले, आणि इकडे घरात दाणा नाही, पोरं उपाशी, म्हैस सांभाळायची ती हिनेच. पोरगं आजारी पडतं तेव्हा ती थेट देवळात जाते आणि वहाण हातात घेऊन विठोबाला जाब विचारते. नव्वद वर्षांपूर्वीच्या सिनेमात हे आहे! शेवटी तुकोबा वैकुंठाला निघाल्याचं सांगतात तरी तिला काळजी जेवणाची. विष्णुपंत पागनीसांचा आवाज आणि चेहरा इतका निर्मळ आहे की देव त्यांना न्यायला येईल यावर माझा विश्वास बसतो. पण रात्री झोपताना मला आवली आठवते. आमच्या चाळीत अशा चार-पाच आवल्या होत्या.

त्यानंतर 'सामना' आणि 'सिंहासन' पाठोपाठ बघा. दोन्ही डॉ. जब्बार पटेल यांचे, दोन्हींचं लेखन विजय तेंडुलकरांचं. 'सामना'त निळू फुले साखरसम्राट आहेत आणि श्रीराम लागू त्यांच्यासमोर उभे ठाकणारे मास्तर. 'सिंहासन'मध्ये, १९७९ साली, तेच निळू फुले सगळं बघणारे, सगळं कळणारे आणि काहीच करू न शकणारे पत्रकार दिगू टिपणीस झालेत. एकाच माणसाची पाठ दोन सिनेमांत दोन तऱ्हेने चालते. 'सामना'त पाठ ताठ आहे, धोतराचा सोगा हातात. 'सिंहासन'मध्ये खांदे पडलेले. एवढ्यासाठी तरी पाठोपाठ बघा.

आपल्या भागातला, इथल्या डोंगर-झाडांचा वाटावा असा सिनेमा?

'जैत रे जैत', १९७७. गो. नी. दांडेकरांची कादंबरी, ना. धों. महानोरांची गाणी, हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत, आणि मोहन आगाशे व स्मिता पाटील. ठाकर आदिवासींची गोष्ट. नाग्याला राणीमाशी डोळ्याला डसते आणि तो लिंगोबाच्या डोंगरावरचं पोळं उतरवायचा विडा उचलतो. पनवेलच्या पुढे गोवा हायवेला लागलं आणि कर्नाळा किल्ल्याचा अंगठ्यासारखा सुळका दिसला की मला दर वेळी तो डोंगर आठवतो. कर्नाळ्याच्या सुळक्यालाही आग्या माश्यांची पोळी लटकलेली असतात. आम्ही कंपनीतले सहा जण गेलो होतो तेव्हा वाटेवरच्या माणसाने बजावलं, सेंट मारून वर जाऊ नका, आरडाओरडा करू नका. वर गेल्यावर तो गुणगुणाट लांबूनच ऐकू आला आणि नाग्याने काय अंगावर घेतलं होतं ते अंगावर काटा येऊन कळलं.

स्मिता पाटीलची चिंधी सिनेमात कशी चालते ते बघा. डोंगर उतरणाऱ्या बाईची चाल आहे ती. गुडघ्यात थोडं वाकून, टाच आधी न टेकता. येऊरला अशा बाया भाजीच्या पाट्या घेऊन उतरताना मी बघितल्या आहेत.

'कोर्ट' कंटाळवाणा आहे ना हो? अर्ध्यात बंद केला.

परत लावा, माझ्यासाठी. चैतन्य ताम्हाणे यांचा हा पहिला मोठा सिनेमा, २०१४ चा. व्हेनिसला त्याला दोन पुरस्कार मिळाले आणि नंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही. लोकशाहीर नारायण कांबळे यांच्यावर खटला भरलाय. त्यांचं गाणं ऐकून म्हणे गटार साफ करणाऱ्या एका कामगाराने आत्महत्या केली. वीरा साथीदार यांनी तो शाहीर केला आहे. त्यांच्या डोळ्यांतला थकवा आणि आवाजातला ताठा, दोन्ही एकदमच दिसतं.

तो कामगार आपल्याला सिनेमात एकदाही दिसत नाही. त्याचं काम आपल्याला कळतं ते त्याच्या बायकोच्या साक्षीतून. मॅनहोलचं झाकण उघडल्यावर आतून झुरळ बाहेर येतंय का ते तो बघायचा. आलं तर आत हवा आहे, उतरायला हरकत नाही. वास सहन व्हावा म्हणून दारू प्यायचा. ती हे सगळं सपाट आवाजात सांगते, रडत नाही, कुणाला दोष देत नाही. वकील पुढचा प्रश्न विचारतो. मी त्या जागी सिनेमा थांबवला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. ते झुरळ मी कधीही विसरणार नाही.

आणि सरकारी वकील बाई. गीतांजली कुलकर्णी. कोर्टात ती कलमं वाचत सुटते तेव्हा राग येतो. मग सिनेमा तिच्याबरोबर लोकलने तिच्या घरी जातो, ती स्वयंपाकाला लागते, रविवारी घरच्यांना घेऊन नाटकाला जाते. ती आपल्याच शेजारची बाई निघते. कंटाळा म्हणता तो इथेच येतो, कारण आपलं रोजचं आयुष्य पडद्यावर बघायची आपल्याला सवय नाही. मला सिनेमाकडून हेच हवं असतं.

मला शास्त्रीय गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. 'द डिसायपल' बघू का?

जरूर. मलाही राग ओळखता येत नाहीत. तोही ताम्हाणे यांचाच, २०२० चा, व्हेनिसला पटकथेचा पुरस्कार मिळालेला. शरद नावाचा मुलगा गातो, रियाज करतो, गुरूंची सेवा करतो, रात्री मोटरसायकलवरून रिकाम्या रस्त्याने जाताना गुरूंच्याही गुरू असलेल्या माईंची जुनी व्याख्यानं ऐकतो. माईंचा आवाज सुमित्रा भावे यांचा आहे. वर्षं जातात आणि त्याला ते गाणं सापडत नाही. मेहनतीत कसूर नसते, तरी नाही सापडत. आमच्या कामातही असे लोक असतात, तीस वर्षं इमानाने काम केलेले, पण शेवटचा तो अर्धा सूत हात त्यांना लाभत नाही. त्यांच्यावर सिनेमा कुणी करत नाही. याने केला. शेवट लोकलमध्ये आहे, तो मी सांगणार नाही.

'फँड्री' की 'सैराट'?

'फँड्री'. डुकरं पकडायचं काम अख्ख्या घराला करावं लागतं, तेही शाळेसमोर, घरातल्या शाळकरी जब्याच्या वर्गातली मुलं बघत असताना. आणि मध्येच राष्ट्रगीत सुरू होतं. नागराज मंजुळे यांनी त्यानंतर काहीच केलं नसतं तरी चाललं असतं. 'सैराट' मला आवडतो, त्याचा शेवट पोटात गोळा आणतो, पण डुक्कर पुढ्यात असताना ताठ उभ्या राहिलेल्या त्या घराची सर त्याला नाही.

'दशावतार' बघितला का? मालवणकडचे सगळे विचारतायत.

बघितला, आईला घेऊन. आमचं गाव कणकवलीच्या बाजूला. ऐंशी ओलांडलेले दिलीप प्रभावळकर त्यात बाबुली मेस्त्री झालेत, नजर अधू होत चाललेला दशावतारी कलाकार. दशावतारात रंग ज्याचा त्याने आपल्या हाताने लावायचा असतो. लहानपणी जत्रेत मी रंगपटाच्या कनातीला डोळा लावून बघत बसायचो. भिवई ओढताना माणूस श्वास धरतो, ओठ जरा आत घेतो. प्रभावळकर सरांच्या बोटांत ते सगळं आहे, आणि नजर कमी झालेल्या माणसाची बोटं चेहऱ्याला आधी चाचपून घेतात, तेही आहे. आई म्हणाली, हे आपल्या बाबल्यासारखं झालं.

उत्तरार्धात सूड सुरू होतो, पार्श्वसंगीत चढतं, तिथे माझी पकड सुटली. खाणीचा प्रश्न खरा आहे आणि तो साध्या शब्दांत मांडला असता तर जास्त लागला असता. तरीही सिनेमा थिएटरातच बघावा असा आहे. शेवटी आई टाळ्या वाजवत होती.

मुंबईवरचा अलीकडचा चांगला सिनेमा?

पायल कपाडिया यांचा 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'. २०२४ मध्ये कानला ग्राँ प्री मिळाला. दोन मल्याळी नर्सेस आणि त्याच हॉस्पिटलात स्वयंपाक करणारी पार्वती. ही पार्वती केलीय छाया कदम यांनी. तिचा नवरा गिरणी कामगार होता, तो गेला, आणि आता तिच्या राहत्या जागेचा एकही कागद तिच्याकडे नाही. बिल्डरला तर जागा पाहिजे. आमच्या कळव्याच्या खोलीचे कागद वडिलांनी पत्र्याच्या ट्रंकेत, प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळून ठेवले होते. पावसाळ्यात पाणी शिरलं की आधी ती ट्रंक माळ्यावर जायची, मग गाद्या. पार्वतीकडे ती ट्रंक नाही. बस, एवढं पुरे होतं मला.

आणि राइस कुकर. त्या दोन नर्सपैकी प्रभाचा नवरा जर्मनीत, त्याचा पत्ता नाही, आणि एक दिवस तिकडून एक लाल कुकर येतो. रात्री ती जमिनीवर बसून त्या कुकरला कवटाळते. एक शब्द नाही. बायकोने माझा हात घट्ट धरला होता.

'बाईपण भारी देवा' बद्दल तुमचं मत काय? वहिनी तर तीनदा गेल्या.

हो, ती आणि तिचा भिशीचा ग्रुप, नऊवारी नेसून, ठाण्यात. केदार शिंदे यांचा २०२३ चा सिनेमा, सहा बहिणी आणि मंगळागौरीची स्पर्धा. मला त्यातले काही प्रसंग फार गोड केलेले वाटले. पण बायकोने घरी येऊन सांगितलं, "आमच्या वयाच्या बायकांचे गुडघे दुखताना पहिल्यांदा कुणीतरी दाखवले." यावर मी काय बोलणार? ती बरोबर होती.

चरित्रपट का आवडत नाहीत तुम्हाला?

बहुतेकांत माणूस जन्मापासूनच थोर असतो. 'मी वसंतराव' त्याला अपवाद. राहुल देशपांडे यांनी आपल्या आजोबांची भूमिका केलीय. एवढा मोठा गवई कितीतरी वर्षं कचेरीत कारकुनी करतोय, खर्डेघाशी करून मग गातोय, हे त्यात धीराने दाखवलंय. मला त्या कचेरीमुळेच गाणं कळलं.

मुलांना काय दाखवू?

परेश मोकाशी यांचा 'एलिझाबेथ एकादशी', २०१४. पंढरपूरची दोन भावंडं, वडिलांनी बनवलेली सायकल, आणि आईचं स्वेटर विणायचं मशीन कर्जापायी जप्त झालेलं. मशीन गेलं की घराचं काय होतं हे मुलांना यात न रडवता कळतं.

'बनवाबनवी' कितीदा बघितलाय?

मोजलेलं नाही. १९८८ पासून बघतोय. अशोक सराफ यांच्या वाटेला त्यात सगळ्यात अवघड काम आहे, बाकीच्यांच्या गोंधळात सरळ चेहऱ्याने उभं राहायचं. ते त्यांनी ज्या सहजतेने केलंय ते आजही शिकण्यासारखं आहे.

ठाण्यात पूर्वी कुठे बघायचात?

गणेश, अशोक, प्रभात, आनंद, मल्हार, वंदना, आराधना. वडील पगाराच्या रविवारी घेऊन जायचे. आता मल्टिप्लेक्समध्ये बसतो, पण रिक्षात बसल्यावर अजूनही "आराधना" किंवा "वंदना" म्हटलं की रिक्षावाला बरोबर नेतो. पोरांना वाटतं ही बस स्टॉपची नावं आहेत.

मराठी सिनेमा लागतो कधी आणि जातो कधी, कळतच नाही. काय करायचं?

पहिल्या चार दिवसांत जायचं, दुसरा मार्ग मला सापडलेला नाही. २०१५ साली राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना दुपारी १२ ते रात्री ९ या वेळेत मराठी सिनेमा लावायला सांगितलं होतं. तरी आमच्या वाट्याला कधी सकाळचा शो येतो, कधी रात्रीचा शेवटचा. 'आत्मपॅम्फ्लेट'च्या वेळी मी सेकंड शिफ्टच्या आधी सकाळच्या शोला गेलो. आम्ही पाच जण होतो. दारावरच्या मुलाने सांगितलं, माणसं कमी आहेत, शो रद्द, पैसे परत मिळतील. त्यात एक आजोबा होते, काठी घेऊन वर्तकनगरहून दोन रिक्षा बदलून आलेले. ते काही बोलले नाहीत, तिकीट घडी करून खिशात ठेवलं. मला फार वाईट वाटलं आणि अजून वाटतं. तिकीट काढून आलेल्या पाच माणसांना सिनेमा दाखवायलाच हवा होता. पुढच्या रविवारी वाशीला जाऊन बघितला. आशिष बेंडे यांचं हे पहिलं काम, आणि पुढे त्यांना पदार्पणासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तेव्हा मला ते आजोबा आठवले. त्यांनी बघितला असेल का, कोण जाणे.

सिनेमा संपल्यावर तुम्ही उठत का नाही? आम्ही पार्किंगमध्ये थांबतो.

नावं वाचतो. नटांची नावं सगळ्यांना माहीत असतात. मी लाइटमनची, कार्पेंटरची, स्पॉटदादांची, पोशाख शिवणाऱ्यांची वाचतो. ती फार भरभर वर जातात, त्यामुळे एका वेळी सगळी वाचून होत नाहीत. 'स्थळ'च्या वेळी सफाईवाले काका झाडू घेऊन खालच्या रांगेपासून वर येत होते. माझ्या रांगेपाशी आले, थांबले, आणि माझ्या शेजारी उभे राहून तेही पडद्याकडे बघायला लागले. नावं संपल्यावर मी पाय वर घेतले आणि त्यांनी खालचे पॉपकॉर्न झाडले.